दादासाठी लिहिलेलं मैत्रिणींच्या ग्रुपवर पडलं

*ताई, नमस्कार.*

*मी सांगलीची, वय ४४. एका खासगी कंपनीचं हिशेबाचं काम घरून लॅपटॉपवर करते. गेल्या रविवारी रात्री आमच्या दहावीच्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक खेळ निघाला. 'शेवटचं जे काही कॉपी केलं असेल ते न बघता इथे पेस्ट करा, लबाडी चालणार नाही.' एकीने कुरडयांची कृती टाकली, एकीने वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, एकीने घरमालकाचं नाव, खातेक्रमांक आणि आयएफएससी कोड. शिक्षिका असलेल्या एकीचा सहावीच्या पेपरातला भूगोलाचा प्रश्न पडला. हसून हसून पुरेवाट झाली. मी लॅपटॉपवरच व्हॉट्सॲप उघडून बसले होते. मीही कंट्रोल-व्ही दाबून एंटर मारला.*

*पडलं ते असं: 'दादा, आईच्या गोळ्यांचे पैसे या महिन्यापासून मी देते. वहिनीशी त्यावरून वाद घालू नकोस. माझी एक एफडी आहे ती मोडते. ह्यांना यातलं काही बोलू नकोस.'*

*हे मी दुपारी भावासाठी लिहिलं होतं. पाठवू की नको अशा विचारात कट करून ठेवलं आणि पाठवलंच नाही. दोन-तीन मिनिटांनी ग्रुपवर काय पडलंय ते दिसलं, तेव्हा सर्वांसाठी डिलीट केलं. पण तोवर काहीजणींनी वाचलं होतं. त्या ग्रुपमध्ये वहिनीची मावसबहीण आहे. एका मैत्रिणीने मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवून 'काय गं, सगळं ठीक ना?' असं विचारलं. जिने खेळ काढला ती म्हणते, खेळच तो, एवढं काय मनाला लावून घेतेस.*

*भाऊ, वहिनी, नवरा यांच्यापैकी कुणाला काय सांगू, की गप्प बसू? माझी मुलगी दहावीत आहे. ती म्हणते, लॅपटॉप कॉपी केलेलं सगळं साठवून ठेवतो. खरं आहे का? ती तिच्या मैत्रिणींबरोबर हाच खेळ खेळते, तो बंद करायला लावू का? मला तर ग्रुपच सोडून द्यावासा वाटतो.*

*एक वाचक, सांगली*

नमस्कार.

गप्प बसू नका. भावाला आजच फोन करा. बाकी सगळं त्यानंतर.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. तो मजकूर तुम्ही भावाला पाठवलाच नाही. म्हणजे तुमच्या मैत्रिणींना माहीत आहे, वहिनीच्या मावसबहिणीला बहुधा माहीत आहे, आणि ज्याच्यासाठी तुम्ही लिहिलं त्या दादाला यातलं अक्षरही माहीत नाही. क्लिपबोर्डवर, म्हणजे कट किंवा कॉपी केलेलं पेस्ट करेपर्यंत जिथे राहतं तिथे, असतं ते नेहमी असंच वाटेतलं असतं, टपालाच्या पिशवीतल्या पत्रासारखं. एका जागेवरून उचललेलं, कुणाच्या तरी नावाने निघालेलं. तुमचं पत्र भलत्याच दारात पडलं. आता ते ज्याचं त्याला नेऊन द्यायचं आहे, आणि ते दुसऱ्या कुणी द्यायच्या आत.

मेसेज नको, फोनच करा. तो घरी पोचायच्या आधी गाठा, कारण आई आणि वहिनी समोर असताना त्याला मोकळं बोलता येणार नाही. प्रस्तावना लांबवू नका. 'दादा, रविवारी तुला काही लिहीत होते, पाठवलं नाही. ते चुकून आमच्या शाळेच्या ग्रुपवर पडलं. मी काढून टाकलंय, पण वहिनीच्या मावसबहिणीने वाचलं असेल. काय लिहिलं होतं ते तुला वाचून दाखवते.' आणि खरोखर वाचून दाखवा, शब्द न् शब्द. ओशाळं वाटून त्यातलं एखादं वाक्य गाळण्याचा मोह होईल, तो आवरा. मूळ शब्द त्याच्या कानावर गेलेले असले, तर उद्या कुणी तिखटमीठ लावून सांगायला आलं की त्याला ताबडतोब फरक कळेल.

हे मी इतकं आग्रहाने सांगतेय त्याचं कारण तुमचं दुसरं वाक्य. 'वहिनीशी त्यावरून वाद घालू नकोस.' तुमच्या मनात ते लिहिताना काय होतं ते स्पष्ट आहे: पैशांपायी त्यांच्या घरात कटकट नको, मी उचलते भार. दादाने वाचलं असतं तर त्यालाही तेच कळलं असतं. पण हेच वाक्य तिऱ्हाइताने वाचलं की त्याचा अर्थ होतो, 'आईच्या औषधांवरून त्या घरात वाद होतात.' आणि वहिनीच्या माहेरच्या माणसाने वाचलं की त्याचा अर्थ होतो, 'आमची मुलगी सासूच्या गोळ्यांना पैसे देऊ देत नाही, असं नणंद गावभर सांगत सुटलीय.' शब्द तेच, एकही इकडचा तिकडे झालेला नाही. फक्त वाचणारा बदलला. वहिनीपर्यंत जाईल ते बहुधा हे तिसरं रूप, आणि तेही आणखी दोन तोंडांतून फिरून.

म्हणून भावानंतर लगेच वहिनी. भावाला मधे घालून 'तूच सांग तिला' असं करू नका. त्याने तो अवघडेल, आणि वहिनीला वाटेल की बहीण-भावांनी आपसांत आधी ठरवून घेतलं. शक्य असेल तर समोरासमोर बोला, म्हणजे त्यांच्या घरी जा. तिला काय सांगाल? माझं मत असं की आधी माफी मागा, कारण तिचा उल्लेख चारचौघींत गेला आणि त्यात तिची काहीच चूक नव्हती. मग पैशांचं. आई त्यांच्याकडे राहते असं तुमच्या पत्रावरून दिसतं. म्हणजे गोळ्यांच्या वेळा पाळणं, डॉक्टरकडे नेणं, पथ्याचं वेगळं शिजवणं, हे बहुतेक तिच्याच वाट्याला येत असणार. हे तुम्हाला दिसतंय, हे तिला तुमच्या तोंडून ऐकायला मिळू द्या. 'पैशांचं मी बघते, बाकीचं तर तूच करतेस' हे वाक्य तुम्ही याआधी कधी बोलला नसाल तर आता जरूर बोला. ती चिडली तर चिडू द्या. त्या क्षणी खुलासे करत बसलात तर शब्दाने शब्द वाढेल.

आता मावसबहीण. तिला वेगळा फोन करून 'तू वहिनीला सांगितलंस का?' असं विचारू नका. तिने सांगितलं नसेल तर तिला वाटेल की आपल्यावर संशय घेतला, आणि सांगितलं असेल तर ती कबूल थोडीच करणार आहे. तुम्ही वहिनीशी स्वतः बोललात की तिच्याकडे सांगण्यासारखं काही उरतच नाही. ग्रुपवर मात्र एकदाच, सगळ्यांना मिळून लिहा. 'रविवारी माझ्याकडून घरातला एक खासगी मजकूर चुकून इथे पडला. ज्यांनी वाचला त्यांनी तो मनातच ठेवावा, आणि कुणी स्क्रीनशॉट काढला असेल तर कृपया पुसून टाकावा.' एवढंच. कसं पडलं, का लिहिलं होतं, दादाकडे काय परिस्थिती आहे, यातलं काहीही नको. कुणी खाली 'अगं काय झालं?' विचारलं तरी तिथे उत्तर देऊ नका.

डिलीट केलंत ते बरंच केलंत, पण त्यावर विसंबून राहू नका. व्हॉट्सॲपने सर्वांसाठी डिलीट करण्याची सोय २०१७ साली आणली. सुरुवातीला त्यासाठी काही मिनिटंच मिळायची, आता दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. पण तेवढ्याने मजकूर सगळीकडून जातो असं नाही. अँड्रॉइडच्या ११व्या आवृत्तीपासून फोनमध्ये आलेल्या नोटिफिकेशनचा इतिहास ठेवण्याची सोय आहे. ज्यांनी ती चालू केली असेल त्यांना पडद्यावर झळकून गेलेला मेसेज नंतरही वाचता येतो, तो चॅटमधून पुसलेला असला तरी. तेव्हा 'दोन-तीन मिनिटंच तर होता' यात दिलासा शोधू नका. ज्यांना ठाऊक व्हायला हवं त्यांना तुमच्याकडूनच ठाऊक होईल, याच्याइतकी भरवशाची गोष्ट दुसरी नाही.

नवऱ्याबद्दल थोडं सावकाश बोलू या, कारण मला वाटतं खरी अडचण तिथे आहे आणि ती त्या खेळाच्या आधीपासूनची आहे.

'ह्यांना यातलं काही बोलू नकोस' हे तुम्ही का लिहिलंत ते पत्रात नाही. ते चिडतील म्हणून, की आपल्या माहेरचा भार त्यांच्यावर नको म्हणून, की विचारलं तर नाही म्हणतील म्हणून? यातलं दुसरं असेल तर सरळ सांगून टाका, आजच रात्री. त्यात लपवण्यासारखं काही नाही. आईच्या औषधांचा खर्च लेकीने उचलणं हे काही माहेरच्या ओढीने केलेलं जास्तीचं काम नव्हे. आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली जो कायदा झाला, त्यात अपत्य म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघंही धरलेले आहेत. त्याच्या वीस वर्षं आधी, १९८७ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांची जबाबदारी असते. हे मी नवऱ्याला ऐकवण्यासाठी सांगत नाहीये. तुम्ही स्वतः जे अपराध्यासारखं करू पाहताय ते अपराध्यासारखं करायचं कारण नाही, म्हणून सांगतेय.

पण पहिलं किंवा तिसरं कारण असेल, तर 'मी एफडी मोडली' हे त्यांना उशिरा आणि तिसऱ्याकडून कळण्याचा त्रास तुम्हाला जास्त होईल. सांगली काही फार मोठं शहर नाही, आणि तुमच्या मैत्रिणींचे नवरे तुमच्या नवऱ्याला ओळखत असणार. तेव्हा या प्रसंगाच्या निमित्ताने का होईना, आधी त्यांच्याशी बोला, एफडीचं मग बघा.

आणि एफडी मोडायलाच हवी का, तेही पाहा. मुदतीआधी मोडली की बँका सहसा, ठेव जितका काळ राहिली त्या काळाच्या व्याजदरातून अर्धा ते एक टक्का कापतात. गोळ्यांचा खर्च दर महिन्याचा आहे, एकरकमी नाही. मग त्यासाठी अख्खी ठेव मोडून ती बचत खात्यात कमी व्याजावर पडू देण्यात काय अर्थ? तुमच्या पगारातून ठरावीक रक्कम दर महिन्याला थेट औषधांच्या दुकानदाराला किंवा आईच्या खात्यात जाऊ द्या. मधेच कधी मोठा खर्च आला तर बऱ्याच बँका ठेवीवर नव्वद टक्क्यांपर्यंत उचल देतात, व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त. ठेव मोडत नाही आणि गरज भागते. शाखेत जाऊन हे दोन्ही हिशेब मांडून घ्या. तुम्ही तर हिशेबाच्याच कामात आहात, पाच मिनिटांत कळेल.

आता तुमच्या मुलीचा मुद्दा. तिचं म्हणणं बरंचसं खरं आहे.

कट-कॉपी-पेस्टची ही पद्धत अमेरिकेत पालो आल्टो इथल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या दोघांनी १९७०च्या दशकाच्या मध्यावर घडवली. ते एका पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकासाठी काम करत होते, आणि त्यांच्यासमोर संपादक मंडळी कात्रीने परिच्छेद कापून गोंदाने दुसरीकडे चिकटवत होती. आपल्याकडच्या छापखान्यांत आणि मासिकांच्या कचेऱ्यांत ज्यांनी पेस्टिंगचं काम पाहिलंय त्यांना ते लगेच डोळ्यांसमोर येईल. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले, आणि १९८३च्या लिसा व १९८४च्या मॅकिंटॉश या संगणकांतून ही पद्धत जगभर पसरली. झेड, एक्स, सी, व्ही ही ओळीतली चार बटणंही तेव्हापासूनची. त्या मूळ पद्धतीत कापलेला एकच तुकडा हातात असायचा. नवा उचलला की जुना गेला. साध्या क्लिपबोर्डचं आजही तसंच आहे. मजकूर लॅपटॉपच्या स्मृतीत पडून राहतो, तुम्ही दुसरं काही कॉपी करेपर्यंत किंवा लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत. नुसतं झाकण लावून तो झोपवला तर काहीही पुसलं जात नाही.

तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं असणार. रविवार होता, ऑफिसचं काम नव्हतं, त्यामुळे दुपारी कट केलेल्या त्या चार वाक्यांवर रात्रीपर्यंत दुसरं काहीच येऊन पडलं नाही. सोमवार असता तर तिथे एखाद्या बिलाची रक्कम असती. किंवा कंपनीतल्या कुणाचा पगार, कुणाचा पॅन क्रमांक. तो प्रसंग घरातल्या या प्रसंगापेक्षा निस्तरायला कठीण गेला असता, कारण ती माहिती तुमची नव्हेच, लोकांनी कंपनीवर विश्वासून दिलेली आहे.

मुलगी म्हणते तो साठा विंडोजमध्ये २०१८ पासून आहे. विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबून धरा आणि व्ही दाबा. तुमच्याकडे हा इतिहास कधी चालू केलेला नसेल तर तो चालू करायचा का असं विचारणारी चौकट येईल. ती नुसती बंद करा. चालू असेल तर कॉपी केलेल्या गोष्टींची यादीच समोर येईल, २५ पर्यंत. दादाला लिहिलेलं त्यात सापडलं तर तिथून काढून टाका. यादीच्या वरच्या बाजूला सगळं एकदम पुसण्याचीही सोय आहे. संगणक पुन्हा सुरू केला की ही यादी जाते, मात्र पिन करून, म्हणजे कायम ठेवायची खूण करून ठेवलेलं जात नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम या विभागात क्लिपबोर्ड म्हणून पान आहे. तिथे इतिहास बंद करता येतो, आणि 'इतर उपकरणांवरही न्या' अशा अर्थाचं एक बटण असतं तेही बंद ठेवा. पुष्कळजण सांगतात की खासगी काही कॉपी केल्यावर उगाच एखादा शब्द कॉपी करावा, म्हणजे आधीचं पुसलं जातं. इतिहास बंद असेल तरच ते खरं आहे. चालू असेल तर आधीचं फक्त एक ओळ खाली सरकतं.

घरात ॲपलची उपकरणं असतील तर आणखी एक सांभाळा. २०१६ पासून आयफोनवर कॉपी केलेलं त्याच खात्याच्या जवळच्या मॅकवर किंवा आयपॅडवर पेस्ट करता येतं. एकट्या माणसाला ही मोठी सोय आहे. पण अनेक घरांत आई, बाबा आणि मुलं एकाच ॲपल खात्यावर असतात, आणि मग आईने फोनवर कॉपी केलेलं मुलाच्या आयपॅडवर गृहपाठाच्या मधोमध उमटू शकतं. खाती वेगळी करा.

फोनवर कीबोर्डकडे लक्ष असू द्या. गूगलच्या जीबोर्डचा क्लिपबोर्ड चालू असेल तर कॉपी केलेलं त्यात साधारण तासभर राहतं, पिन केलेलं तुम्ही काढेपर्यंत राहतं. इतर कंपन्यांचे कीबोर्ड काय करतात ते त्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन बघून घ्या. आणि हा पेटारा फक्त तुमच्याच हाताला लागतो असंही नाही. २०२० साली ॲपलने आयफोनमध्ये, कुठलं ॲप क्लिपबोर्ड वाचतंय ते पडद्यावर दाखवायला सुरुवात केली, तेव्हा कितीतरी नावाजलेली ॲप काही कारण नसताना तो वाचत असल्याचं लोकांना दिसलं. त्यानंतर बंधनं वाढली. अँड्रॉइडनेही २०२१ पासून तशी सूचना दाखवायला सुरुवात केली, आणि २०२२च्या आवृत्तीपासून क्लिपबोर्ड काही वेळाने आपोआप रिकामा होतो. तुमचा फोन जुना असेल आणि अपडेट येत नसतील तर यातलं काही तुमच्याकडे नसेल. पासवर्ड आणि पिन कॉपी करण्याची सवयच नको, टाइप करा.

आता खेळ. तुमची मैत्रीण म्हणते 'खेळच तो'. तिच्यावर राग धरू नका, तिच्या मनात वाईट काही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला हा खेळ आवडतो. माणसं एरवी समूहात जे टाकतात ते ठरवून, निवडून, नटवून टाकलेलं असतं. इथे कुरडयांची कृती आणि भूगोलाचा प्रश्न शेजारी शेजारी येऊन बसतात. कोण आत्ता कशात गुंतलंय ते दिसतं. तीस वर्षांपूर्वी एका बाकावर बसणाऱ्या मुलींना एकमेकींचा दिवस असा दिसावा यात आपुलकीच आहे. घोटाळा त्या 'न बघता'मध्ये आहे. ती अट काढून टाका. पेस्ट करा, वाचा, आणि टाकण्यासारखं असेल तरच पाठवा. नसेल तर 'आज माझं सांगण्यासारखं नाही' म्हणायची मुभा असू द्या, आणि त्यावर कुणी खोदून विचारायचं नाही. लबाडी चालणार नाही असं म्हणून एखादीला तिच्या घरातलं उघडं करायला लावण्याचा हक्क कुठल्याच खेळाला नाही.

दुसरी एक गोष्ट तुमच्या पत्रात आहे, तिच्याकडे ग्रुपमध्ये कुणाचं लक्ष गेलं नसावं. घरमालकाचा खातेक्रमांक. त्या बिचाऱ्या घरमालकाने भाडं भरण्यासाठी तो दिला होता. खातेक्रमांक आणि आयएफएससी कोड एवढ्यावरून कुणी पैसे काढू शकत नाही, हे खरं. पण त्याला नाव जोडलेलं आहे, आणि फोन नंबर मिळवणं अवघड नसतं. मग बँकेतून बोलतोय असं भासवून फोन करणाऱ्याला सुरुवात करायला तेवढी माहिती पुष्कळ होते. 'तुमचा खातेक्रमांक अमुक, बरोबर ना?' असं समोरून आलं की ज्येष्ठ माणसाचा विश्वास बसतो, आणि पुढचा ओटीपी तो स्वतःच सांगतो. त्या मैत्रिणीला हा मेसेज काढायला सांगा. तिला जमत नसेल तर ग्रुपच्या ॲडमिनला विचारा, ॲडमिनलाही दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी काढता येतो. वीजबिलाचा क्रमांक टाकलाय तिलाही तेच. 'आज रात्री वीज तोडली जाईल' अशा खोट्या मेसेजांनी लोकांचे पैसे गेल्याचं आपण वाचतो, त्या मेसेजात खरा ग्राहक क्रमांक असेल तर तो किती खरा वाटेल. आणि पुढे कधी कुणाचे पैसे खरंच गेले, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करायचा, हे ग्रुपवर लिहून ठेवलंत तर उपयोगीच पडेल.

मुलीचा खेळ बंद करू नका. दहावीतल्या मुलीला 'माझं असं झालं म्हणून तू खेळायचं नाही' हे पटणार नाही, आणि ती तुमच्या नकळत खेळेल. तिला झालेलं सगळं मोकळेपणाने सांगा, मजकुरासकट. मामाच्या घरची गोष्ट आहे, तिला कळायला हरकत नाही. तिच्या वयाच्या मुलींच्या क्लिपबोर्डवर बहुतेक वेळा दुसऱ्या मैत्रिणीचे शब्द असतात, हे मात्र तिच्याशी नीट बोला. 'बघ, ती मला काय म्हणाली' म्हणून एकीचं बोलणं उचलून दुसरीला दाखवायचं, हे त्या वयात सतत चालतं. तेच खेळात पडलं तर उघडी पडते ती तिसरीच मुलगी, जी खेळतही नव्हती. स्वतःचं काय दाखवायचं ते तिने ठरवावं. दुसऱ्याचं दाखवायचं तर त्याला विचारून. आणि विंडोज-व्ही वगैरे तुम्हाला दाखवायचं काम तिच्याकडेच सोपवा. ते तिला माझ्याहून चांगलं जमेल.

राहिला ग्रुप. सोडू नका, निदान आत्ता नको. आता ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, म्हणून गुपचूप निघून जाता येईल असं वाटतं. पण कोण कोण बाहेर पडलं त्याची यादी पुढचे ६० दिवस कुठल्याही सदस्याला बघता येते. रविवारच्या प्रकारानंतर तुमचं नाव तिथे दिसलं की ज्यांनी वाचलंच नव्हतं त्याही विचारतील, काय झालं. शिवाय या तुमच्या दहावीच्या मैत्रिणी आहेत. त्यांच्यापैकी बऱ्याचजणींच्या घरी आई किंवा सासू आजारी असेल, आणि गोळ्यांच्या खर्चावरून घरात कधीतरी आवाज चढला असेल. तुमचा मजकूर वाचून त्यांच्या मनात 'ही काय भानगड' येण्यापेक्षा 'हिच्याकडेही हेच चाललंय' असं आलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आठवडाभर ग्रुपच्या सूचना बंद ठेवा, हवं तर उघडूच नका, मग परत या.

आणि जिने स्क्रीनशॉट पाठवून 'काय गं, सगळं ठीक ना?' विचारलं, तिला तुम्ही काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. दिलं नसेल तर भाऊ आणि वहिनी यांच्याशी बोलणं झाल्यावर तिला फोन करा. तिने ग्रुपवर विचारलं नाही, तुम्हाला एकटीला विचारलं. स्क्रीनशॉट काढला म्हणून ती तुम्हाला खुपली असेल, तर तो पुसायला सांगा, पुसेल ती. मग तिच्याशी बोला. आईच्या आजारपणाचं, पैशांचं, नवऱ्याशी कसं काढायचं त्याचं. तिच्या 'ठीक ना?'ला खरं उत्तर द्या.